जाताना पाय पुसून जा

सगळ्या जगात माणसं घरात येताना पाय पुसतात. करोल बागेतल्या त्या घरात ते जाताना पुसायचे.

मला हे पहिल्याच दिवशी कळलं, तेही चारचौघांत. परभणीहून नोकरीसाठी आलेली मी, एका हातात बॅग, पाठीवर लॅपटॉप. चांगल्या वळणाची मुलगी दिसावी म्हणून उंबऱ्याशी थांबले, सँडल काढले आणि काथ्याच्या पायपुसण्यावर खसाखसा पाय घासायला लागले. तेवढ्यात वरच्या कठड्यावरून आवाज आला.

“अगं ए! येताना न्हाई पुसायचं! जाताना पूस, जाताना!”

मी वर बघितलं. साठी कधीच उलटून गेलेली एक बाई कठड्यावरून निम्मी बाहेर वाकली होती. नऊवारी लुगडं, त्यावर मिलिटरीतला हिरवा स्वेटर, कपाळावर गोंदण आणि पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. दिल्लीच्या थंडीबद्दल तिचं मत असं होतं की ती पायांतून शिरते, आणि शिरू द्यायची की नाही हे आपल्या हातात असतं. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. मीही त्या दिवसापासून आक्काच म्हणायला लागले.

पायपुसण्याची भानगड मला दुसऱ्या दिवशी समजली. घराच्या तळमजल्यावर आक्काच्या मुलाची भट्टी होती. सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर जाऊन सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम करतात, त्याला गलाई म्हणतात. या धंद्यात केराला केर म्हणत नाहीत. सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत उडतात, फरशीवर बसतात, कारागिरांच्या कपड्यांत अडकतात. म्हणून झाडू बाहेरच्या दिशेनं मारायचा नाही, आतल्या दिशेनं मारायचा. हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवायचं. आणि वरच्या खोल्यांकडे जाणारा जिना या भट्टीच्या खोलीतूनच असल्यामुळे आम्ही भाडेकरू रोज तळव्यांना थोडं थोडं सोनं लावून ऑफिसला निघायचो. ते उंबऱ्यावर ठेवून जायचं, एवढंच आक्काचं म्हणणं होतं. गलाईवाल्यांची रीतच अशी, की वर्षाच्या शेवटी पायपुसणं जाळायचं, राख धुवायची, मुशीत वितळवायची. काही ना काही निघतंच.

आज मी नोएडातल्या एका सेक्टरमध्ये अकराव्या मजल्यावर राहते. तिथे कुणाच्या तळव्याला धुळीशिवाय काही लागत नाही. तरी लिफ्टकडे जाण्याआधी माझे पाय आपोआप घासले जातात. शेजारीण माझ्याकडे बघते आणि दार लावून घेते.

*

खोली मिळाली त्याचीही एक गोष्ट आहे. आक्काकडे येण्याआधी मी दिल्लीत बऱ्याच खोल्या बघितल्या होत्या. त्यांतल्या दोन मराठी घरांतल्या होत्या. दोन्हीकडे चहा मिळाला, पोहे मिळाले, गावाची चौकशी झाली, मग आडनावाची झाली. आडनाव सांगितल्यावर एका घरी पुतण्या येणार असल्याचं अचानक आठवलं आणि दुसऱ्या घरी छताला ओल असल्याचं. आम्ही बौद्ध. वडील सरकारी नोकरीत होते, त्यामुळे बदलीच्या गावोगावी ही ओल मी लहानपणापासून बघत आले होते. आक्काच्या समोर बसले तेव्हा मी आडनाव ओठांवरच तयार ठेवलं होतं. विचार आणि मोकळी हो, अशा रागात.

आक्कानं विचारलं, “तुमच्या गावाला प्यायचं पानी कुठनं आनत्यात?”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “टँकर येतो,” मी म्हटलं. “आजोळी तर अजून डोक्यावरून आणतात.”

“किती लांबनं?”

“टेकडीपलीकडून.”

“मग तू आमचीच की गं,” आक्का म्हणाली आणि चावी माझ्या हातात दिली.

तिचा हा एकच प्रश्न होता आणि तो ती सगळ्यांना विचारायची. ज्याच्या गावाला पाणी लांबून आणावं लागतं तो आपला, असा तिचा सोपा हिशेब होता. कोकणातल्या एका मुलानं ‘आमच्या अंगणातच विहीर आहे’ असं अभिमानानं सांगितलं, तर आक्कानं खोली त्याला दिली खरी, पण पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याकडे जरा संशयानंच बघायची. “विहीर सोडून आलाय, काय उचापती केल्यात कुनास ठाऊक.”

ती स्वतः लग्न होऊन दिल्लीत आली तेव्हा गल्लीत गलाईवाल्यांच्या मोजून दोन खोल्या होत्या. तिला पहिली खोली दिली ती एका पंजाबी म्हातारीनं. सगळे तिला बीजी म्हणायचे. बीजी फाळणीत लाहोरकडून नेसत्या कपड्यांवर आलेली. बीजीनंही आडनाव विचारलं नव्हतं. तिनं म्हणे आक्काच्या नवऱ्याला एवढंच विचारलं होतं, की ही पोरगी जेवली आहे का. आक्काच्या सगळ्या कायद्याचं मूळ तिथं होतं.

मग नवऱ्यानं चुलतभावाला बोलावलं, चुलतभावानं मेहुण्याला, मेहुण्यानं शेजाऱ्याला. माणसं यायची, पोटमाळ्यावर झोपायची, भट्टी शिकायची, बायका आणायची. पहाटे गल्लीत भाकऱ्या थापल्याचा आवाज यायला लागला. आक्कानं यात आपली भर घातली ती चोरी करून. करोल बागेत कुठेही भाड्यानं द्यायच्या खोलीवर ‘टू-लेट’ची पाटी दिसली की ती पाटी काढून पिशवीत टाकायची आणि घरी यायची. पाटीच नाही म्हटल्यावर दुसरा भाडेकरू येणार कुठून? आठवड्याभरात मालकाच्या दारात आक्का हजर, बरोबर टेकडीपलीकडून पाणी आणणाऱ्या गावाचं एखादं कुटुंब. तिच्या स्वयंपाकघरात पिठाचा डबा, हरभऱ्याच्या डाळीचा डबा, पाण्याचं पिंप, सगळ्यांवर झाकणं म्हणून टू-लेटच्या पाट्या होत्या. त्या पाट्या बघितल्या की गल्ली कशी वाढली हे समजायला दुसरा इतिहास लागत नव्हता.

*

आक्का दिल्लीशी मराठीत बोलायची. भाजीवाले सरदारजी, पोस्टमन, मेट्रोतले सुरक्षारक्षक, ई-रिक्षावाला, सगळ्यांशी. “दिल्लीनं मला हिंदी शिकवायला लई बघितलं,” ती सांगायची, “शेवटाला तीच दमली.” आणि खरंच दमली होती. सरदारजी गाडीवरून ओरडायचे, “आक्का, मेथी बघा की, लई ताजी हाय!” आणि तो पंजाबी ठेक्यातला ‘हाय’ ऐकून आम्ही कठड्याशी हसून लोटपोट व्हायचो. तिची नात गुड्डी दिल्लीतच जन्मलेली. ती डोक्याला हात लावायची. “आज्जी, प्लीज यार, लोक बघतायत.”

“बघू द्यात. बघून बघूनच शिकत्यात.”

मलाही वाटायचं की तिला हिंदी येत नाही. मग एकदा बीजीचा पणतू कॅनडातून गल्लीतलं तिचं जुनं घर बघायला आला. उंच, गोरा, बुजरा पोरगा. गुड्डी इंग्रजीची जुळवाजुळव करत होती. तेवढ्यात आक्का जिना उतरून आली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि जे सुरू झाली ते थांबेचना. अस्खलित पंजाबी. त्यात रडणं, हसणं, रागावणं सगळं होतं. तो पोरगा चक्रावला, मग तोही रडायला लागला. तो गेल्यावर गुड्डीनं विचारलं, “आज्जी, तुला पंजाबी येते? मग इतकी वर्षं?”

“ती बीजीची भाषा हाय,” आक्का नाक पुसत म्हणाली. “ती काय बाजारात वापरायची हाय व्हय?”

माणसं गोळा करण्याचं तिचं वेड मात्र बाजारातच उफाळून यायचं. गर्दीत कुठे मराठी शब्द पडला की तिची मान वळायची. छावणीतल्या एका सुभेदाराची बायको स्वेटर घेताना नवऱ्याशी दोन वाक्यं बोलली आणि पाचव्या मिनिटाला ती दोघं आक्काच्या घरी हुलग्याचं माडगं पीत बसली होती. त्या हिरव्या स्वेटरचा उगम तोच. आर. के. पुरममध्ये राहणारे नागपूरकडचे एक मोठे अधिकारीही असेच सापडले. मेट्रोत फोनवर बोलत होते. आक्कानं त्यांचा फोन हळूच खाली केला आणि विचारलं, “तुमच्या गावाला पानी कुठनं आनत्यात?” साहेब पुढे कित्येक रविवार कुटुंबासकट भाकरी खायला येत राहिले. ते आमच्यातलेच आहेत हे मला पहिल्या रविवारी कळलं, आक्काला बहुधा कधीच कळलं नाही. कळलं असलं तर तिनं ते टू-लेटच्या पाटीसारखं पिशवीत टाकलं.

*

गुड्डीचं लग्न ठरलं तेव्हा मला तिथे राहून तीन दिवाळ्या झाल्या होत्या. मुलगा लखनौमधल्या गलाईवाल्यांच्या घरातला. सगळं जमून आलं आणि गावाहून आक्काच्या दिरांचा, तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे भावकीतले थोरले. आक्काचा मुलगा त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. तसा तो कुणाच्याच शब्दाबाहेर नव्हता. त्याचा स्वतःचा एकच शब्द होता, ‘बघू’.

“लगीन गावाला करायचं,” तात्या म्हणाले. फोन स्पीकरवर होता. गाव लांब आहे म्हणून आक्का फोनवर ओरडूनच बोलायची, तेव्हा दोन्हीकडचं सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं.

“पोरगी हितं जन्मली, हितं शिकली. तिच्या दारात मांडव हितंच पडंल.”

“वहिनी, आपल्यात लग्नं गावालाच होत्यात. दिल्ली पोट भराय हाय. परमुलखात मांडव घालायचा म्हंजी भाड्याच्या बैलाला बेंदराला सजवल्यागत हाय. ती काय आपली जागा हाय?”

हे वाक्य आक्काला लागलं. मी समोर होते, मला दिसलं. गल्लीतल्या सगळ्यांचं तसंच होतं. राबायचं इथे आणि लग्न, जत्रा, बारसं, सगळं आनंदाचं तेवढं तिकडे न्यायचं. आक्काचा नवरा जन्मभर या भट्टीसमोर बसला, छातीत धूर भरून इथेच गेला आणि तरी ही जागा आपली नाही.  

“भावजी,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच फोनवर हळू बोलली. “गुड्डी चालाय लागली तवापास्नंची समदी पायपुसनी मी जाळल्याली न्हाईत. पोत्यात भरून गच्चीवर ठेवल्यात. या. तुमच्या डोळ्यादेखत जाळते. त्यातनं पोरीच्या मंगळसूत्राच्या वाट्या निघाल्या तर ही जागा आमची, लगीन हितं. न्हाई निघाल्या तर मी सवता पोरीला घिऊन तुमच्या दारात येते.”

पलीकडे तात्या हसले. “दोन वाट्या? पाय पुसून? यतो, बघाय यतो.”

गल्लीत दुसरा विषय राहिला नाही. कारागीर म्हणायचे निघतील, कुणी म्हणायचं एकच निघेल. गुड्डी म्हणाली, “मला गावाला बिल्कुल नाही करायचं लग्न, माझ्या सगळ्या फ्रेंड्स इथे आहेत.” पण रात्री माझ्या खोलीत येऊन तिनं वेगळंच सांगितलं. आजी हरली तर ती पुन्हा कधी कुणाला चावी देणार नाही, असं तिला वाटत होतं. तात्यांचं गाडीचं तिकीट निघालं. आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी आई परभणीहून माझ्याकडे आली.

*

माझ्या आईबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती कुणाच्याही घरी रिकाम्या हातांनी बसत नाही. तिच्या आईला लोकांनी आयुष्यभर उंबऱ्याबाहेर ठेवलं, म्हणून हिनं आयुष्यभर आपलं घर असं लख्ख ठेवलं की कुणाची बोट दाखवायची छाती होऊ नये. आक्कानं तिला पहिल्या दिवशी गळ्याला गळा लावून घरात घेतलं आणि पाण्याचा प्रश्नही विचारला नाही. या माणुसकीची परतफेड कशी करावी हे आई दोन दिवस शोधत होती. पैजेचं तिला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल असं प्रत्येकाला वाटलं होतं, मलाही. तिसऱ्या दिवशी ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि तिला पोतं दिसलं.

मी ऑफिसात होते. गुड्डीचा फोन आला. “ताई, तू लवकर ये. प्लीज. आंटींनी सगळी धुतली.”

मी पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. गच्चीच्या कठड्यावर सगळी पायपुसणी ओळीनं वाळत होती. साबणाची पावडर, तारेचा ब्रश आणि आईचे हात. नव्यापेक्षा नवी दिसत होती. फेसाचं पाणी पन्हाळीच्या पाइपातून खाली गल्लीच्या गटारात गेलेलं होतं. आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिला तोवर कुणीतरी सगळं सांगितलं होतं.

“लग्नाचं घर, म्हणलं पाहुणे यायलेत, काय म्हणतील,” ती मला म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. “मला काय ठाऊक बाई, घाणीत सोनं ठिवतेत म्हणून.”

आणि त्याच वेळी खाली ई-रिक्षा थांबली. तात्या आले.

पांढरं धोतर, पांढरी टोपी, कडक माणूस. ते थेट गच्चीवर आले, वाळत टाकलेल्या पायपुसण्यांकडे त्यांनी बघितलं आणि काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही. गलाईवाल्यांच्याच घरातले ते. “झालं,” ते म्हणाले. “सोनं गेलं गटारात.” मग आईकडे वळले. “ह्या बाई कुठल्या?”

“परभणीच्या,” आईनं सांगितलं. उभी राहिली.

“आडनाव काय म्हनायचं?”

आईनं आडनाव सांगितलं. हनुवटी वर करून, स्वच्छ आवाजात, जसं तिनं आम्हाला शाळेत सांगायला शिकवलं होतं.

“असं व्हय,” तात्या म्हणाले. त्या ‘असं व्हय’चा सूर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. माझे कान तापले. “म्हनून म्हनतो वहिनी, परमुलखात उंबऱ्यावर कोन येतंय, कोन जातंय, कशाचा मेळ ऱ्हात न्हाई.”

आक्का तोवर एक पायपुसणं हातात घेऊन त्याचा वास घेत होती. साबणाचा वास होता. तिनं ते परत कठड्यावर नीट पसरलं.

“भावजी,” ती म्हणाली, “बीजीनं तुमच्या भावाला खोली दिली तवा आडनाव इचारलं न्हाई. इचारलं असतं तर तो फुटपाथवर झोपला असता. ह्या माझ्या पाव्हन्या हायत. आल्यापास्नं त्यांनी माझं घर धुऊन काढलं. तुम्ही आल्यापास्नं काय केलंसा?”

 मला रडू आलं, आणि राग आलेला असताना रडू यावं याचा आणखी राग आला.

आई म्हणाली, “आक्का, माझ्यामुळं तुमचा शब्द गेला.”

“कुठं जातोय?” आक्कानं आईचा हात धरला. “सोनं कधी पान्याबरबर पळालंय? ते जड असतंय. जिथं पडंल तिथंच बूड टेकून बसतंय. भावजी म्हनले न्हवं, गटारात गेलं? मग गटारच धुऊया. तुम्ही धुतलंय, आता तुम्हीच पुढं व्हा.”

एवढं बोलून तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, स्पोर्ट्स शूजच्या नाड्या आवळल्या आणि आईला घेऊन जिना उतरली.

*

पुढच्या दोन दिवसांत करोल बागेतल्या त्या गल्लीत जे झालं ते मी ऑफिसला रजा टाकून बघितलं, आणि रजेचं कारण ‘कौटुंबिक सुवर्णकार्य’ असं दिलं. मॅनेजरनं अभिनंदन केलं.

गटारावरच्या फरशा उचलल्या. पाइपाखालच्या हौदात वर्षानुवर्षांचा काळा गाळ बसलेला होता. कारागिरांनी तो घमेल्यांनी उपसला. सरदारजींनी आपल्या नळाचं पाणी पाइप लावून दिलं आणि भाजीची गाडी आडवी लावून गल्लीचं तोंड बंद केलं. छावणीतून सुभेदार फावडं घेऊन आले आणि आल्या आल्या सगळ्यांना कवायतीसारखं ओळीत उभं केलं. आर. के. पुरमचे साहेब सरकारी गाडीतून उतरले, घडी मोडू न देता पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि घमेल्याच्या रांगेत शिरले. कोकणातला विहीरवाला मुलगाही होता. वास असा होता की सगळे तोंडाला रुमाल बांधून, जत्रेतल्या चोरांसारखे दिसत होते.

बायका पराती घेऊन बसल्या. गाळ घ्यायचा, पाणी घालायचं, परात गोल गोल फिरवत हलकं वाहू द्यायचं आणि जड तळाशी ठेवायचं. मधोमध आक्का आणि माझी आई, मांडीला मांडी लावून. आईनं आयुष्यभर सुपात धान्य पाखडलेलं, तिला हाताची गत लगेच सापडली. पहिल्या तासात दोघी भांडायला लागल्या होत्या.

“बाई, तुम्ही लई पानी वतताय.”

“आन् तुम्ही बोलण्यात सांडायलात, तिकडं बघा.”

मग मला कळलं की आता काळजीचं कारण नाही.

तात्या पहिल्या दिवशी खुर्चीवर, गल्लीच्या त्या टोकाला, नाकाला उपरणं लावून. दुपारी खुर्ची थोडी जवळ आली. संध्याकाळी आणखी. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि तात्या धोतर वर खोचून हौदात वाकले होते. “आरं, ह्या कोपऱ्यातला तसाच ऱ्हायला,” ते कारागिरांवर खेकसत होते. “कुनी शिकवलं रं तुमाला?” कुणी हसलं नाही. आक्कानं सगळ्यांना डोळ्यांनीच दटावलं होतं.

तळाशी राहिलेली काळी वाळू कारागिरांनी भट्टीच्या खोलीत नेली. पाऱ्यानं वाळूतले सोन्याचे कण वेगळे काढायचं काम त्यांचं, आम्हाला आत जाऊ दिलं नाही. सगळी गल्ली उंबऱ्याबाहेर उभी. सगळे बोलत होते आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. मग आक्काचा मुलगा बाहेर आला. चिमट्यात मूस होती. त्यानं ती फरशीवर उलटी केली.

मला वाटलं होतं, निघालं तर हरभऱ्याच्या डाळीएवढं निघेल. निघालं ते बोराएवढं होतं. पिवळं, ऊन ऊन, फरशीवर थोडं गडगडलं आणि थांबलं. आमच्या पायपुसण्यांतलं एवढं असूच शकत नव्हतं. या गच्चीवर ज्यांनी ज्यांनी कपडे धुतले, तोंड धुतलं, अंघोळी केल्या, आक्काचा नवरा, त्याचा चुलतभाऊ, पोटमाळ्यावर झोपून गेलेली सगळी माणसं, त्या सगळ्यांच्या अंगावरचं ते होतं. कुणाचं किती, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

आक्काचा मुलगा त्याच्याकडे बघत राहिला. मग ‘बघू’ सोडून दुसरा शब्द आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून आला. “लगीन हितंच,” तो म्हणाला.

सुभेदारांनी घोषणा दिली. सरदारजींनी प्रत्युत्तर दिलं. आक्कानं आईला मिठी मारली आणि दोघींच्या अंगावरचा गाळ एकमेकींना लागला. त्या दिवशी दिल्लीत आमच्याइतकं घाणेरडं आणि आमच्याइतकं खूश कुणी नव्हतं.

*

मांडव गल्लीत पडला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बीजीच्या जुन्या दारावरून, तळमजल्याच्या भट्टीवरून. तात्या हट्टानं गावी परत गेले आणि निम्मं गाव रेल्वेत घालून घेऊन आले. जमिनीवर पंगती बसल्या. एकीकडे छावणी, एकीकडे आर. के. पुरम, मधे गुड्डीच्या मैत्रिणी फोन उंच धरून. सरदारजी वाढायला होते. ‘घ्या की अजून’ असं ते इतक्या जोरात म्हणायचे की पाहुण्यांना नाही म्हणायची भीती वाटायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी, त्याच सोन्यातून घडवलेल्या वाट्यांच्या दोन्ही बाजूंना काळे मणी ओवायचे होते. भावकीतल्या बायका पुढे सरसावल्या. आक्कानं दोरा माझ्या आईच्या हातात दिला. “धुतलं त्यांनी, ओवत्यालबी त्याच.” एका म्हातारीनं तात्यांकडे बघितलं. तात्या पानाला चुना लावत होते. “ओवू द्यात की,” ते म्हणाले, “हात चांगला हाय त्यांचा.” आईनं मान वर केली नाही. पण पुढचे कितीतरी मणी तिला दिसतच नव्हते, मी सुईला हात लावून दिला.

लग्न लागलं. गुड्डी लखनौला गेली. मांडव उतरला, गावाकडची माणसं परत निघाली. शेवटची ई-रिक्षा तात्यांची होती.

आम्ही सगळे कठड्याशी उभे होतो. उंबऱ्यावर नवंकोरं पायपुसणं होतं, आक्कानं लग्नाच्या दिवशीच घातलेलं. तात्या जिना उतरले, भट्टीच्या खोलीतून चालत बाहेर आले, पायपुसण्यावरून पुढे गेले, वहाणा घातल्या आणि रिक्षात एक पाय ठेवला. मग थांबले.

त्यांनी पिशवी रिक्षात ठेवली. परत आले. वहाणा काढल्या. उजवा पाय पुसला, डावा पुसला. सावकाश, देवळात शिरताना पुसावा तसा. आणि टोपी सारखी करून, कुणाकडे न बघता रिक्षाकडे वळले.

 मी आक्काकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, चष्म्याच्या भिंगांखालून ते खाली उतरत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग ती कठड्यावरून निम्मी बाहेर वाकली आणि सगळ्या करोल बागेला ऐकू जाईल अशी ओरडली,

“टाचा ऱ्हायल्या, भावजी! टाचाबी पुसा!”

तात्या निमूटपणे परत आले आणि त्यांनी टाचा पुसल्या.